शनिवारचं तेल

रिवकानं तव्यावरची बोय उलटली आणि घरात ट्रकचा वास सुटला. आधी बेंजामिनला वाटलं, खालच्या गल्लीत कुणीतरी गाडी चालू ठेवून गप्पा मारत उभं आहे. तो उठून खिडकीपाशी गेला. गल्लीत शेजाऱ्यांची सायकल होती आणि तिच्या सावलीत एक कुत्रं झोपलेलं होतं. वास मागून येत होता, स्वयंपाकघरातून. हळद, मिरी, लसूण आणि त्यांच्या खालून चोरपावलानं आलेलं डिझेल. बोय त्यानंच आणली होती, सकाळी पनवेलच्या बाजारातून, एकेक खवला नखानं उचलून बघून. बिनखवल्याची मासळी त्यांच्या घरात चालत नाही आणि या बाबतीत तो कोळणीच्या शब्दावर कधीच विसंबला नव्हता. शब्दावर विसंबणं त्याला एकूणच कठीण जाई. बायको भाजीवाल्याकडे सुटे पैसे न मोजता घेते याचंही त्याला लग्नापासून नवल वाटत आलं होतं.

"तुमच्या यार्डातला वास आहे हो हा," रिवका कालथा हातात धरून म्हणाली. "कपडे धुताना रोज येतो मला. आज ताटात आलाय एवढंच."

तिनं तवा तसाच उचलून मोरीत ठेवला, आणि त्या दिवशी त्यांनी वरणभात खाल्ला. जेवताना बेंजामिनच्या मनात पाल चुकचुकली होती. बोय कामोठ्याच्या खाडीतली होती, विकणारीनं तसं अभिमानानं सांगितलं होतं. कामोठ्याच्या खाडीत जे पाणी जातं ते यार्डातून जातं, आणि यार्डातून जे पाणी जातं ते बेंजामिन रोहेकरच्या कुंडीतून जातं. कुंडीतून तेल बाहेर जात नाही. जाऊच शकत नाही. मग ज्याअर्थी ते गेलं, त्याअर्थी कुणीतरी सोडलं.

यार्ड म्हणजे महामार्गाच्या कडेला पसरलेला घाऊक बाजार आणि त्याला लागून ट्रक उभे करायचं प्रचंड आवार. पूर्वी तिथे खाजण होतं. भराव घालून, वरून काँक्रीट ओतून त्याची परातीसारखी सपाट जमीन केली होती, आणि परातीत पडलेलं पाणी जसं एका बाजूला वाकवल्याशिवाय जात नाही, तसं इथलं पावसाचं पाणी गटारांनी वळवून एका कोपऱ्यात आणावं लागे. गाळलेलं ऑइल, सांडलेलं डिझेल, टायरांची धूळ, लोखंडाचा गंज, भाज्यांचा पाला, सगळं धुऊन घेऊन ते यायचं. त्या कोपऱ्यात बेंजामिनच्या तीन कुंड्या होत्या. पहिलीत गाळ बसे. दुसरीच्या मध्ये एक भिंत होती, वरून खाली आलेली पण तळाला न टेकणारी. तेल पाण्यावर तरंगतं, म्हणून ते भिंतीच्या अलीकडे अडून राही आणि पाणी तेवढं खालून सरकून पुढे जाई. तिसरीत लव्हाळे लावले होते. उरलंसुरलं त्यांनी धरून ठेवायचं. मग खाडी. मालकांनी हे सगळं कामोठेकरांच्या आरडाओरड्यामुळे बांधलं होतं. उद्घाटनाला नारळ फोडून झाल्यावर तिकडे कुणी फिरकलं नव्हतं. ते बेंजामिनचं राज्य होतं. पहिल्यांदा ती भिंत समजावून सांगितली तेव्हा तो मनाशी हसला होता. रोह्याजवळच्या गावात त्याच्या आजोबांचा तेलाचा घाणा होता. घाण्याखालच्या भांड्यात तेल-पाणी एकत्र झालं की आजोबा वरचं तेल अलगद हातानं ओढून घेत, पाण्याला कळतही नसे. पिढ्यान्‌पिढ्या तेल काढून झालं, आता आमच्याच नशिबी ट्रकांचं तेल काढणं आलं, असं तो सिनेगॉगमध्ये विनोदानं सांगे आणि म्हातारे हसत. म्हातारेच उरले होते. दिल्लीत इस्रायलची वकिलात उघडल्यापासून तरुण माणूस दिसला की तो निरोप घ्यायलाच आलाय असं समजायचं. त्याचा स्वतःचा मुलगा अवीवही तिकडे गेला होता, आणि आता फोनवर आईला सांगे की इथे तुमच्या खोलीला खिडकी दोन बाजूंनी आहे.

सोमवारी फाटकापाशी कामोठ्याचा काशिराम आला. सोबत चार-पाच माणसं आणि पाटीत बोया, निवट्या, चिंबोऱ्या, सगळं मेलेलं आणि काळ्या तवंगानं चकाकणारं. मॅनेजर कर्णिकसाहेबांच्या टेबलावर त्यानं पाटी ठेवली, खाली नाही.

"हुंगून बगा सायब," काशिराम म्हणाला. "आमच्या खाडीत आता मासली नाय, राकेल पोवतंय. दर आयतवारी असा हाय. दर आयतवारी! बाकीचे दिवस पानी बरा. म्हंजे शनवारचे दिशी तुमी कायतरी सोरता."

कर्णिकांनी रुमाल नाकाला लावला आणि बेंजामिनकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. शनिवारी कामावर न येणारा सबंध यार्डात एकच माणूस होता. त्या नजरांत काय होतं हे बेंजामिनला कळलं नाही, पण नजरा मात्र अंगाला चिकटल्या. त्याला ओळखीच्या होत्या त्या. लहानपणी दारफाळणीच्या सणाला घरातले सगळे दिवसभर उपाशी, पांढरे कपडे घालून, दार लावून आत बसत, तेव्हा आळीतली मुलं फटीतून बघत आणि दुसऱ्या दिवशी शाळेत विचारत, काय करता रे तुम्ही आत? काही करत नाही म्हटलं की कुणाचा विश्वास बसत नसे. काही करत नाही हेच संशयास्पद होतं.

"पुढच्या सोमवारी मालक स्वतः कामोठेकरांशी बोलणार आहेत," माणसं गेल्यावर कर्णिक म्हणाले. "तोपर्यंत मला नाव पाहिजे, रोहेकर. कुंडी तुमची. कुणी केलं ते सांगा, त्याला काढू, चौकीवर कळवू, गाव शांत होईल. नाव नसेल तर मग..." ते थांबले आणि हसले. "तुमचं काय, तुम्ही जाणारच आहात तिकडे."

"मी ठरवलेलं नाही अजून," बेंजामिन म्हणाला. पण कर्णिकांनी फोन उचलला होता.

तो आठवडा बेंजामिननं नुसता बघण्यात घालवला. दुसऱ्या कुंडीच्या बगलेला एक लोखंडी दार होतं. फारच अतिवृष्टी झाली आणि यार्ड तुंबायला लागलं तर ते उघडून पाणी थेट खाडीत सोडायचं. आजवर ते कधी उघडलं नव्हतं. किल्ली त्याच्याकडे एक आणि फाटकावरच्या जगनकडे एक. त्यानं दार तपासलं. बिजागरीवर ग्रीस होतं. ग्रीस कुणी लावलं? त्यानंच लावलं होतं, पावसाळ्याच्या तोंडावर, पण तेव्हा एवढं लावलं होतं का? जगनची चौकशी केली तर जगन जरा जास्तच मोकळेपणानं बोलला. टँकर धुणारे ड्रायव्हर त्याला चहा पाजत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण चहावर माणूस किल्ली देतो का? बेंजामिन विचार करी आणि त्याला वाटे, देतो. आणि मग वाटे, पण जगन शनिवारी फाटक सोडून इतक्या लांब कशाला येईल? कुंडीच्या जवळ राहणारा माणूस एकच. काळू.

काळू कातकरी. कर्नाळ्याच्या पायथ्याच्या वाडीतला. कुंडीलगतच्या पत्र्याच्या खोपटात तो आणि त्याची बायको चिंधी राहत. काळूचं काम म्हणजे दुसऱ्या कुंडीवरचं तेल पसरट डब्यानं ओढून पिंपात भरायचं आणि उरलेला तवंग गोणपाटानं टिपून घ्यायचा. बेंजामिननंच त्याला लावलं होतं, वीटभट्टीवरच्या मुकादमाच्या तावडीतून सोडवून. हे तो कुणाला सांगत नसे, पण विसरतही नसे. काळू फार कमी बोले. बोलताना डोळे खाली. पूर्वी बेंजामिनला ती नम्रता वाटे. आता ह्या आठवड्यात तेच डोळे त्याला काहीतरी दडवताना दिसू लागले. एकदा तो कुंडीवर वाकला असताना बेंजामिन मागे जाऊन न बोलता उभा राहिला. काळूच्या पाठीला ते कळलं. डबा क्षणभर थांबला, मग पुन्हा चालू लागला, पण आधीपेक्षा घाईनं. चोराच्या मनात चांदणं, बेंजामिनला वाटलं. आणि मग त्याला एकदम एक गोष्ट आठवली, जी इतकी वर्षं डोळ्यांसमोर असून दिसली नव्हती. रविवारी सकाळी तो कामावर येई तेव्हा कुंडी लखलखीत असे. इतर कुठल्याही दिवसापेक्षा स्वच्छ. तेलाचा थेंब नाही, कडांना डाग नाही, गोणपाटं धुऊन वाळत घातलेली. तो खूश होई आणि काळूला शाबासकी देई. पण रविवारीच का? सगळं तेल शनिवारी खाडीत सोडून दिलं की रविवारी कुंडी स्वच्छ दिसणारच. काम वाचलं, वर शाबासकी. हे सुचल्यावर त्याला इतकं बरं वाटलं की त्याची त्यालाच लाज वाटली. गाठ सुटल्यासारखं वाटलं. किल्ली कशी मिळवली हा प्रश्न उरला होता, पण कातकऱ्याला कुलूप म्हणजे काय, असं कुणीतरी त्याच्या डोक्यात बोललं. आवाज कर्णिकांचा होता की स्वतःचा, हे त्यानं तपासलं नाही.

घरीही त्याचे डोळे स्वस्थ बसेनात. फडताळातला मोठा पितळी डबा जागेवर नव्हता. आईचं घंगाळ नव्हतं. "घंगाळ कुठाय?" त्यानं विचारलं, तर रिवका म्हणाली, "दिलं भामाला. नाही तरी कोण काढतं आता त्यात पाणी?" भामा शेजारची. म्हणजे ही घर रिकामं करतेय. त्याला न सांगता, एकेक भांडं करून, कुंडीतून पाणी सरकावं तशी ही ह्या घरातून खालून सरकतेय, असं त्याला वाटलं. "अहो, विचारून काय करू? विचारलं की तुम्ही माझ्याकडे असं बघता," ती म्हणाली. "असं म्हणजे?" "असं. आत्ता बघताय तसं." ती हसत नव्हती. आणि मग, जरा वेळानं, भाजी निवडता निवडता, "सण जवळ आलाय. कुणाशी काही राहिलं असेल तर मिटवून टाका त्याआधी. मग दार लावायचं ते मोकळ्या मनानं."

शुक्रवारी दुपारी तो कर्णिकांच्या केबिनमध्ये गेला. दिवे लागायच्या आत घरी पोचायचं असे, म्हणून शुक्रवारी तो नेहमी लवकर निघे. "नक्की असं नाही सांगता येणार," तो म्हणाला. "पण कुंडीच्या जवळ सारखा असतो तो फक्त काळू." बोलताना त्याला वाटत होतं की आपण फार जपून, मोजून बोलतोय, कुणावर आळ घेत नाही आहोत. नुसतं जवळ असतो एवढंच म्हणतोय. कर्णिक म्हणाले, "बस्स. मलाही तेच वाटत होतं. त्यांचं काय सांगावं?" आणि त्यांनी जांभई दिली. ह्या जांभईनं बेंजामिन दचकला. आठवडाभर ज्यापायी त्याची झोप उडाली होती ते काम एका जांभईत उरकलं होतं.

त्या संध्याकाळी रिवकानं काचेच्या ग्लासात पाण्यावर तेल घालून शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीचा, दिवा लावला, डोळ्यांवर हात ठेवले आणि पुटपुटली. बेंजामिन दिव्याकडे बघत बसला. खाली पाणी, वर तेल, वर ज्योत. तेल आपलं आपण वर राहतं. त्याला कुणी सांगावं लागत नाही. त्याला आजोबांचा बैल आठवला, डोळ्यांना झापडं बांधून आठवडाभर घाण्याभोवती फिरणारा. शुक्रवारी सूर्य कलला की आजोबा त्याची झापडं सोडत, मानेवरून हात फिरवत आणि म्हणत, जा बाबा, आता उद्या तू पण साहेब, मी पण साहेब. गावात त्यांना शनवार तेली म्हणत. त्या म्हणण्यात चेष्टा होती, पण मायाही होती. घाण्यावरचा गडी, भिका की कोण, तोही शनिवारी झाडाखाली झोपे. आजोबा सांगत, देवानं नुसतं आपल्याला नाही थांबायला सांगितलं. गड्याला, बैलाला, दारी आलेल्या परक्यालासुद्धा. जो स्वतः थांबतो आणि गड्याला राबवतो, त्याचा शनिवार देवाच्या घरी लागत नाही. हे आठवून बेंजामिनला नेहमीच बरं वाटे. त्या रात्री मात्र बरं वाटता वाटता कुठेतरी अडलं, पण काय अडलं ते कळायच्या आत झोप लागली.

शनिवारी सिनेगॉगमधून आल्यावर, जेवण झाल्यावर, तो उठला आणि चालू लागला. रिवका वामकुक्षी घेत होती. रिक्षा करायची नाही, बस नाही, पैसे खिशात नाहीत. छत्रीही त्यानं घेतली नाही. छत्री उघडणं म्हणजे तंबू ठोकणं, असं सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे जुने हजान सांगत. देवानं हात थांबवायला सांगितलेत, डोळे नव्हे, असं तो स्वतःला बजावत महामार्गाच्या कडेकडेनं निघाला. आयुष्यात पहिल्यांदा तो शनिवारी यार्डाकडे जात होता, आणि तेही पाळत ठेवायला. ट्रक अंगावर चिखल उडवत जात होते. भाद्रपदातलं ऊन अंगाला चिकटत होतं आणि कर्नाळ्याच्या सुळक्याकडून काळंकुट्ट आभाळ पुढे सरकत होतं. मागच्या कुंपणाला एक भगदाड आहे हे त्याला ठाऊक होतं. ते बुजवा म्हणून त्यानंच कितीदा सांगितलं होतं. त्यातून तो आत शिरला आणि रचलेल्या सिमेंटच्या पाइपांच्या आड जाऊन बसला. तिथून कुंडी दिसत होती, बगलेचं दार दिसत होतं आणि काळूचं खोपट दिसत होतं.

काळू दारात बसून जाळं विणत होता. चिंधी चुलीला फुंकर घालत होती. बाकी काही नाही. बेंजामिन वाट बघत राहिला. वाट बघता बघता पाऊस आला, एकदम, कुणी घागरीनं ओतावा तसा. सबंध यार्डाचं पाणी गटारांतून रोरावत कुंडीकडे धावलं. आता उठेल, बेंजामिनला वाटलं. आता हा उठून दाराकडे जाईल. आणि त्याला कळलं की आपल्याला ते हवंय, ह्यानं उठावं असं आपण प्रार्थना केल्यासारखं मागतोय. काळूनं जाळं खाली ठेवलं. उभा राहिला. कुंडीकडे पाहिलं. दुसऱ्या कुंडीत तेलाचा जाड थर साचला होता, काळा, हलता. नवं आवार यंदाच जोडलं होतं, ट्रक वाढले होते, तेल वाढलं होतं. पाण्याचा लोंढा आला तसा तो थर भिंतीवर आपटला, घुसळला, खाली खेचला गेला, आणि बेंजामिनच्या डोळ्यांदेखत भिंतीच्या पलीकडे काळे काळे लोळ वर यायला लागले. दार बंद होतं. दाराला कुणी हातही लावला नव्हता. तेल साचलं होतं म्हणून गेलं. काढलं नव्हतं म्हणून साचलं होतं. काळू हात बांधून ते बघत उभा होता, आपल्या शेतात परक्याचं जनावर शिरावं आणि हाकायची बंदी असावी तसा.

बेंजामिन पाइपांमागून बाहेर आला. नखशिखान्त भिजलेल्या साहेबाला बघून काळू घाबरून मागे सरला.

"तेल का नाही काढलंस?" बेंजामिन ओरडला. पावसात ओरडावंच लागत होतं. "दिसत नाही? सगळं चाललंय!"

"आज शनवार हाय सायब."

"मग?"

काळूनं पहिल्यांदाच डोळे वर केले. त्यांत दडवलेलं काही नव्हतं, नुसता गोंधळ होता. "तुमीच बोललाव. कामाव आलो तवाच. शनवारी घाना बंद. तुमी नाय, मी नाय, बैल नाय. डब्याला हात लावलास तर माझा शनवार बाटंल, बोललाव." आणि मग, आपलंच काही चुकलं असेल म्हणून घाईघाईनं, "आयतवारी उजाडायच्या आदी समदा काडतो मी. चिंधी पन काडते. तुमी येयाच्या आदी."

बोलला होता तो. शंभर टक्के बोलला होता. पहिल्याच दिवशी, इथेच उभं राहून, आजोबांची गोष्ट सांगता सांगता, स्वतःच्या मोठेपणावर स्वतःच खूश होत. भट्टीवरून आलेल्या माणसाला त्यानं विश्रांती देऊन टाकली होती, ऐटीत, बैलाच्या मानेवरून हात फिरवल्यासारखी, आणि घरी पोचेपर्यंत विसरून गेला होता. दुसऱ्या कुणी मालकानं दुसऱ्या कुणाला असं सांगितलं नसतं, आणि सांगितलं असतं तर दुसऱ्या कुणी ते वर्षानुवर्षं पाळलं नसतं. काखेत कळसा घेऊन तो आठवडाभर गावाला वळसा घालत होता.

"बरं," तो म्हणाला. तेवढंच. आणि फिरला. काळू मागून विचारत होता, काडू का सायब, आता काडू का, आणि बेंजामिननं न बघता हात हलवला. त्याचा अर्थ हो की नाही, हे त्यालाही माहीत नव्हतं.

चालत परत येताना त्याच्या मनानं जे जे केलं ते सांगायला बरं नाही, पण केलं. कुणाला कळणार आहे? काळू कधीच बोलणार नाही, त्याला बोलायचं काय आहे हेच कळणार नाही. पुढच्या शनिवारपासून काढ म्हटलं की काढेल. पाणी सुधारेल, कामोठेकर गप्प होतील. राहता राहिलं नाव. नाव कर्णिकांच्या कानात होतं. ते परत घ्यायचं तर आजच जायला हवं होतं, कर्णिक संध्याकाळी उशिरापर्यंत यार्डातच असत. पण शब्बाथ संपल्याशिवाय तो कामाचं कसं बोलणार? आणि शब्बाथ तर तारे दिसल्याशिवाय संपत नाही. घरी येऊन तो कोरडे कपडे घालून गॅलरीत बसला आणि आभाळाकडे बघत राहिला. आभाळ भरलेलं होतं. तारे दिसलेच नाहीत. एरवी असं झालं की तो घड्याळ बघून उठत असे. त्या दिवशी त्यानं घड्याळाकडे पाहिलं नाही, आणि आपण पाहत नाही आहोत हे त्याला चांगलं माहीत होतं.

रविवारी सकाळी खोपट रिकामं होतं. चूल सारवलेली. पिंपं भरलेली, गोणपाटं धुऊन वाळत घातलेली, कुंडी लख्ख. जाळं नव्हतं, भांडी नव्हती.

"काल संध्याकाळी साहेबांनी निरोप सांगायला धाडलेलं मला," जगन म्हणाला. "सोमवारी कुठं जाऊ नको, हवालदार येनार हाय, एवढंच बोललो. सकाळी बघतो तर दोघंपन नाय. चोर सालं."

कर्णिक केबिनमध्ये चहा पीत होते. बेंजामिननं उभ्यानंच सगळं सांगितलं, पहिल्या दिवशीच्या त्या ऐटीसकट. कर्णिकांनी बशी खाली ठेवली आणि त्याच्याकडे मायेनं पाहिलं, अगदी खऱ्या मायेनं.

"रोहेकर, बसा. माणुसकी आहे तुमच्यात, मला माहीत आहे. पण असं कुणी सांगतं का? आणि सांगितलं तर कातकरी ऐकतो? पळाला, म्हणजे झालंच की."

"तो पळाला कारण मी त्याचं नाव घेतलं. चूक माझी आहे. माझं नाव सांगा उद्या."

"आणि काय सांगू? की ह्यांच्या धर्मात शनिवारी तेल काढत नाहीत म्हणून तुमची मासळी मेली? दिवस कसे आहेत बघताय ना? मुंबईच्या दंगलीत काय झालं ते विसरलात? उद्या दहा लोक तुमच्या दारावर येतील." त्यांनी चहाचा घोट घेतला. "तुम्ही आज ना उद्या विमानात बसाल. जाताना ही घोंगडी आमच्या गळ्यात नका टाकू. तो गेला, प्रश्न मिटला."

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं बेंजामिन मोठ्यानं म्हणाला. कर्णिक हसले आणि म्हणाले, संन्यासी पळून गेलाय, फाशी कुणालाच नाही, घरी जा.

सोमवारी मालक आणि कामोठेकर बोलत बसले असतील त्या वेळी बेंजामिन एस.टी.तून कर्नाळ्याला उतरला. गोव्याकडे जाणारा रस्ता सोडून, ओढा ओलांडून, चिखलातून तो वाडीपर्यंत चढला. काळूला परत न्यायचं, कर्णिकांसमोर उभं करायचं, नाही तर निदान हात जोडायचे, एवढंच त्याच्या मनात होतं. आणि जसजसा तो चढत होता तसतसं त्याला हलकं वाटत होतं, कारण खरं बोलायला जाणाऱ्या माणसावर कोण संशय घेईल? कुडाच्या झोपड्या होत्या, कोंबड्या होत्या. एका दारात चिंधी बसून कंद सोलत होती. त्याला बघताच तिचा हात थांबला.

"काळू कुठाय?"

"नाय हाय."

"मी त्याला घ्यायला आलोय."

हे शब्द तोंडातून गेल्यावर त्याला कळलं की ते बोलायला नको होते. झोपडीच्या मागे पाला खसखसला. कुणीतरी कूड ढकलून निघालं आणि वर रानात पळत सुटलं, वाकून, हात जमिनीला लागतील इतकं वाकून. तीच पाठ. आठवडाभर बेंजामिननं तिच्यामागे उभं राहून तिला मागची नजर ओळखायला शिकवलं होतं.

"काळू!" तो ओरडला. "काळू, थांब! चूक माझी होती! काळू!"

पाठ थांबली नाही. उलट शेजारच्या झोपडीतून एक माणूस बाहेर आला, त्यानं बेंजामिनच्या बुटांकडे, पँटीकडे पाहिलं आणि तोही वर चालू लागला. मग आणखी एक. एका बाईनं पोर काखेला मारलं. कुणी विचारलं नाही, सवयीचं काम उरकावं तशी वाडी रिकामी व्हायला लागली. बेंजामिन ओरडतच होता. चूक माझी, माझी, काळूची नाही.

"सायब," चिंधी म्हणाली. ती तेवढी उठली नव्हती. "नाव घेऊन वरडू नका. पोलीस आसंच वरडतात."

तो खाली बसला, तिच्यासमोर, चिखलात, आणि जे सांगायचं होतं ते अगदी हळू आवाजात सांगायला लागला. ती ऐकत होती आणि प्रत्येक वाक्याला मान हलवत होती, व्हय सायब, व्हय सायब, आणि तिचे डोळे मात्र त्याच्या खांद्यावरून मागच्या वाटेकडे लागले होते, त्याच्याबरोबर अजून कोण कोण आलंय ते बघत.